वन्सं आणि वेसाईचा शेंदूर

वन्सं, तुम्ही गेल्यापासून गावात जो भेटेल तो मला एकच वाक्य ऐकवतो, "आता तुमच्या मनासारखं हुईल बगा." सांत्वनाला आलेल्या बायका चहाचा कप खाली ठेवता ठेवता हेच बोलून गेल्या. परवा तुमच्या भावानंही भाकरी मोडता मोडता तेच म्हटलं. कुणाच्या मनात काही वाकडं नाही. वेशीजवळच्या वेसाईवरचा शेंदूर काढून आतला दगड लोकांना दाखवावा, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. शेंदराला हात लावायचा नाही, असं तुम्ही तितकीच वर्षं म्हणत आलात. दोघींतली एक गेली म्हणजे वाद मिटला, असा त्यांचा साधा हिशोब. मला मात्र ते ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मी तुमच्याशी भांडत होते ते तुम्हाला पटवण्यासाठी. तुम्ही उठून गेल्यावर रिकाम्या कट्ट्यावर जिंकून बसण्यात मला काय मिळणार?

तुमच्या जाण्याची बातमी पेपरात आली. 'मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीच्या' असं तुमचं वर्णन छापलंय. वन्सं, मनमिळाऊ? तुम्ही? भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत गावातला एक माणूस दाखवा, ज्याची तुम्ही बिनपाण्यानं केली नाही. आणि धार्मिक म्हणाल, तर कीर्तनाला सगळ्यांच्या पुढं बसून सगळ्यांच्या आधी डुलकी तुम्हीच काढायचात. उपास तुम्हाला सोसायचे नाहीत, आणि सोसत नाहीत हे चारचौघांत सांगायला तुम्ही लाजायचाही नाहीत. देवाधर्मातली एकच गोष्ट तुम्ही कधी चुकवली नाही, ती म्हणजे अमावस्येचा शेंदूर. बातमीत नेमकी तेवढीच सांगायची राहिली.

बाहेरच्या माणसांना मी वेसाईची ओळख कशी करून देते, ते तुम्ही वेशीच्या कट्ट्यावर बसून किती वेळा ऐकलंय. गावाची जुनी दगडी वेस, म्हणजे गावात शिरायचा दरवाजा. त्याच्या उजव्या अंगाला कमरेएवढा उभा दगड. त्यावर पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढत गेला, इतका की आता दगडाचा आकारही कळत नाही. नुसता केशरी उंचवटा आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. ही गावाची लेक, वेशीवर बसून गाव राखणारी. लेकीला शेंदूर लेकीनंच लावायचा, आणि तो मान आमच्या घरातल्या लेकीचा. सुनेनं ओटी भरावी, नारळ फोडावा, पण शेंदराच्या वाटीत बोट घालू नये. इथपर्यंत माझं सांगून झालं की तुम्ही कट्ट्यावरून पुस्ती जोडायचात, "आन् सुनंला त्येचं लय वाईट वाटतं." पर्यटक हसायचे. मीही हसायचे, आणि घरी आल्यावर तुम्हाला चहात साखर कमी घालायचे.

मी सांगलीची. इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि तुमच्या भावाशी लग्न करून या नदीकाठच्या गावात आले. इथला घाट, दीपमाळ, दोन जुनी देवळं आणि ही वेस बघून मला वाटलं होतं, गावाच्या पदरात सोनं आहे आणि गाव त्यावर गोवऱ्या थापतंय. शब्दशः थापत होतं. घाटाच्या भिंतीवर गोवऱ्या असायच्या, त्यातल्या निम्म्या तुमच्या. सांगलीकडून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या हायवेवरून सुसाट जातात, त्यातल्या थोड्या जरी आमच्या फाट्याला वळून दोन तास थांबल्या, तरी गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळेल, हे मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "लोकं म्हाबळेसरला थंड हवा खायाला जात्यात, ष्ट्राबेरी खायाला जात्यात. हितं त्यास्नी काय, ऊन वाडनार हाईस?"

पण दुसऱ्या दिवशी घाटाच्या भिंतीवरच्या तुमच्या गोवऱ्या गेल्या होत्या. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाहीत. तुमची ही रीतच होती. तोंडानं नाही म्हणायचं आणि हातानं करून मोकळं व्हायचं. मला ती कळायला बरीच वर्षं लागली, नाहीतर आपली निम्मी भांडणं वाचली असती. बरं झालं वाचली नाहीत.

मग मी साताऱ्याला खेपा घातल्या, अर्ज केले, फोटो दाखवले, आणि शेवटी पुरातत्त्व खात्याच्या एका मॅडमनी पाहणीला यायचं ठरलं. ती पाहणी आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो आणि पाठोपाठ हसू फुटतं. आदल्या आठवड्यात माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी सांगलीला गेले. जाताना तुम्हाला सांगितलं, वन्सं, मोठी माणसं येणार आहेत, जरा झाडलोट तेवढी करून घ्या. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी परत आले, एसटीतून पाय खाली ठेवला आणि समोर दीपमाळ दिसली. गुलाबी. तिचा खालचा कट्टा मोरपंखी. देवळाच्या दारावरचे दगडी हत्ती चंदेरी, सोंडा सोनेरी, आणि दोन्ही गालांवर लाल ठिपके. बचत गटाच्या सगळ्या बायका हातात ब्रश घेऊन उभ्या. मधे तुम्ही, पदर खोचलेला, कपाळाला मोरपंखी रंग लागलेला, आणि चेहऱ्यावर सात मुलींचं लग्न एका मांडवात लावल्याचं समाधान.

मी म्हटलं, झाडलोट सांगितली होती ना. तुम्ही म्हणालात, "पावनं येनार म्हनल्यावर घर सारवाया नगं व्हय? आन् ह्यो साधा रंग न्हाई, ऑइल पेंट हाय. दहा वर्सं हलत न्हाई, दुकानदाराकडनं गॅरंटी घेतलीया." गॅरंटी ऐकून मी तिथंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडम गाडीतून उतरल्या, दीपमाळेकडं बघितलं, गॉगल काढला, पुन्हा बघितलं. तुम्ही पुढं होऊन त्यांची ओटी भरलीत आणि वर विचारलंत, कसं झालंय. त्या बाईंचा संयम मोठा. मेहनत खूप घेतलीय, म्हणाल्या. मग मला बाजूला नेऊन त्यांनी समजावलं की अशा रंगाखाली दगडातली ओल अडकते आणि दगड आतून भुसभुशीत होतो. रंग निघेपर्यंत पुढचं काहीच बोलता येणार नाही. हे सगळं ऐकू येईल इतक्या जवळ तुम्ही उभ्या होता. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडं जेवायला आला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "लावलाय मी. काडनार बी मीच. कसा काडायचा, तेवडं इचार."

त्या क्षणी माझा तुमच्यावर जीव जडला, वन्सं. माणसाची चूक झाली की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. तुम्ही दुकानदाराला बोल लावला नाहीत, बचत गटाला नाही, मलाही नाही. सुनंदा गावात नव्हती म्हणून असं झालं, असं सहज म्हणता आलं असतं. सगळं गाव तेच म्हणत होतं.

जुने दगड साफ करण्याचं काम करणारी अनघा पुण्याहून आली ती तेव्हा. पोरगी तुमची नात शोभेल अशी, पण तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी दम भरला. तारेचा ब्रश आणायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, ॲसिडचं नाव काढायचं नाही. ती कालवून देईल तो लेप लावायचा, झाकून ठेवायचा, रंग फुगला की बांबूच्या पातळ कामट्यांनी हळूहळू सोडवायचा. तोंडाला फडकं, हातात मोजे. तुम्ही मोजे घालून बघितलेत, दोन्ही हात समोर धरलेत आणि म्हणालात की आता ऑपरेशन करायला मोकळी. बचत गटातल्या रेहाना मण्यारला तुम्ही हत्तींच्या कामावर बसवलंत, कारण ती बांगड्या भरणारी, तिचा हात हलका. दीपमाळ तुम्ही स्वतःकडं घेतलीत. गुलाबी रंगाच्या साली पडायच्या आणि तुम्ही प्रत्येक सालीला एक शिवी हासडायचात. शिवी रंगाला होती की स्वतःला, ते आम्ही कधी विचारलं नाही.

ते काम महिनोन् महिने चाललं. आणि वन्सं, खरं ते खरं. माझ्या माहितीपत्रकांनी, माझ्या साताऱ्याच्या खेपांनी जे झालं नाही, ते तुमच्या ऑइल पेंटनं केलं. कुणीतरी तुमचा व्हिडिओ काढला. त्यात तुम्ही कामटी हातात धरून सांगत होता, "आमी येडेपना केला, आता निस्तरतोय. बगायचं आसंल तर या." लोक खरंच आले. कोरेगावाहून आले, साताऱ्याहून आले, मग पुण्याच्या गाड्या यायला लागल्या. बायका दगडावरचा रंग कसा काढतात ते बघायला यायचे आणि देऊळ, घाट, वेस बघून जायचे. दुपारची भाकरी कुठं मिळेल असं विचारायचे. आज गावातल्या पाच घरांत पाहुण्यांची पंगत बसते, तिची सुरुवात तिथं झाली. आमच्या पर्यटनाची पायाभरणी कुणी केली असं मला विचारतात तेव्हा मी सांगते, आमच्या वन्संनी, दहा वर्षांच्या गॅरंटीवर.

दीपमाळेचा कट्टा मोकळा झाला त्या दिवशी रंगाखालून पोपट निघाला. वीतभर कोरलेला, चोचीत फळ धरलेला. आधी तो जुन्या चुन्यानं लिंपलेला होता, त्यामुळं गावात कुणी पाहिलाच नव्हता; रंगाबरोबर तो चुनाही सुटला. तुम्ही त्याच्या चोचीवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभ्या होता. तुमचा चेहरा बघून मला वाटलं, आता लोखंड तापलंय. मी म्हटलं, वन्सं, असंच वेसाईचं करू या. आत काय कोरलंय, बघू तरी.

तुमचा चेहरा मिटला. तुम्ही म्हणालात, "रंग आमी चुकून लावला. शेंदूर चुकून लावल्याला न्हाई."

तिथून आपला खरा वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, आई आपली खोळ आपण टाकते. शेंदराचे थर फार जड झाले की एक दिवस आपोआप सुटून खाली पडतात, त्याला तुम्ही खोळ म्हणायचात. तुमच्या आजीच्या वेळी वेसाईनं अशी खोळ टाकली होती. आजीनं तांबडं फुटायच्या आत तिच्यासमोर लुगडं धरलं, शेंदराचे तुकडे नदीत सोडले आणि उजाडायच्या आत नवा शेंदूर चढवला. मी लगेच विचारलं, म्हणजे आजीनं आतलं बघितलं होतं की. तुम्ही म्हणालात, बघितलं. मग काय होतं? तुम्ही म्हणालात, "आजी म्हनली, बाई हाय." एवढंच? एवढंच.

त्या एवढ्याशा वाक्यावर मी रात्रंदिवस विचार केला. वेशीजवळ उभा दगड आणि त्यावर बाई, म्हणजे बहुतेक सतीशिळा. आपल्याकडं अशा शिळा सापडतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, वर चंद्र-सूर्य, खाली जळणारी बाई. मी पुस्तकं आणून तुम्हाला चित्रं दाखवली. तुम्ही चष्मा लावून नीट बघितलीत, चष्मा काढून पदरानं पुसलात, आणि तुम्ही जे बोललात ते मी आजवर कुठल्याही पर्यटकाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "सती आसंल, तर झाकल्यालीच बरी. जळताना समद्यांनी बगितली तिला. आता आनिक बगाया नगं."

 मला उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं. मी तुमच्या दारात येऊन सांगितलं की झाकलं की माणसं विसरतात. तिच्यावर काय गुदरलं ते समोर दिसलं तरच कुणाला तरी त्याची लाज वाटेल. तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात की ज्याला लाज आहे, त्याला झाकलेलंही दिसतं. मग मी आणखी काही म्हटलं, तुम्ही आणखी काही. असं वर्षानुवर्षं चाललं. कधी वेशीवर, कधी लग्नाच्या पंगतीत, एकदा तर साताऱ्याच्या दवाखान्यात तुमच्या हाताला सलाइन लावलेली असताना. नर्स म्हणाली, आजींना बोलू नका, त्रास होईल. तुम्ही तिला म्हणालात, बोलू दे तिला, नाहीतर मला झोप येईल.

मी चूक होते असं मला आजही वाटत नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. पण त्या दगडावर माझा राग का होता, हे मात्र तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. सासूबाईंनी मला एकदा गुळवणी ढवळता ढवळता सहज सांगितलं होतं की तुम्हाला कडेगावचं चांगलं स्थळ आलं होतं. बागायत शेती, मुलगा मास्तर, माणसं शोभणारी. मामंजींनी नाही म्हणून कळवलं, कारण लेक कडेगावला गेली तर दर अमावस्येला वेसाईला शेंदूर कोण लावणार. म्हणून तुम्हाला गावातच दिलं, दोन गल्ल्या सोडून. ते ऐकल्यापासून मला तो केशरी उंचवटा बघवेना. एका दगडापायी एका बाईचं आयुष्य गावाच्या वेशीला बांधून ठेवलं, आणि तो दगड कसला आहे हेही कुणाला ठाऊक नाही. निदान बघू तरी द्या, असं माझं मन म्हणायचं.

हे मी तुम्हाला बोलून दाखवलं ते अर्धंच. म्हटलं, तुम्हाला त्या दगडासाठी गावात ठेवलं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की सांगलीची पदवी माझ्या अंगावरून ओघळून खाली पडली. "मला कुनी ठिवलं न्हाई, सुनंदा. मी ऱ्हायले," तुम्ही म्हणालात. "कडेगावला ग्येले आसते तर यका घरची झाले आसते. हितं समद्या गावाची झाले." आणि उठून दुधाला गेलात.

तुमचं ते म्हणणं मला पूर्ण पटलं नाही. मामंजींनी तुम्हाला विचारलं होतं का, हा माझा प्रश्न तसाच आहे, आणि तुम्ही त्याचं उत्तर दिलं नाहीत. पण माझंही एक वाक्य राहून गेलं. तुम्ही कडेगावला गेला असता, तर मी या गावात टिकले नसते. नवी सून म्हणून आले तेव्हा सगळे माझ्याशी गोड बोलायचे आणि माझ्या माघारी हसायचे. तोंडावर भांडणाऱ्या तुम्ही एकट्या. तोंडावर भांडणारं माणूस जवळ असलं की बाई परक्या गावात पाय रोवते. तुमच्या राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला झाला, आणि मी तुमच्यासमोर मात्र तुमच्या राहण्याची कीवच करत बसले. हे तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असता, आता रडून दाखव म्हणजे झालं.

शेवटचं बोलणंही आपलं वेशीच्या कट्ट्यावरच झालं. मी विचारलं होतं, वन्सं, तुमच्यानंतर शेंदूर कोण लावणार? मला दोन्ही मुलगे. आपल्या घरात आता लेक नाही. तुम्ही पायाचा तळवा चोळत म्हणालात, "माज्या म्हागं काय, त्ये मी कशाला ठरवू? मी आसनार हाय व्हय बगाया?" तेवढ्यात मिरजेची एक गाडी आली, माणसं उतरली आणि मी त्यांना घेऊन घाटाकडं गेले. वाटलं, हा वाद पुढच्या अमावस्येला पुरा करू.

तेरावं झालं आणि अनघाचा फोन आला. तुमच्याबद्दल बोलताना ती रडली. मग हळूच म्हणाली की वेसाईच्या कामासाठी तिला पुढच्या महिन्यात वेळ आहे. गावाची हरकत नाही असं तुमच्या भावानं तिला कळवलंय, आता परवानगी माझ्याकडून हवी. मी अमावस्येनंतर सांगते म्हटलं.

आज अमावस्या. सकाळी मी एकटीच वेशीवर गेले. दगडाची उंची-रुंदी मोजून अनघाला कळवावी, असं डोक्यात होतं. टेप घेऊन वाकले आणि तशीच थांबले. वन्सं, इतकी वर्षं मी तुमच्यामागं नारळ धरून उभी राहिले, त्यामुळं तुमचं काम मला कधी जवळून दिसलंच नव्हतं. चांदीच्या डोळ्यांच्या खाली, वरून खाली ओढलेल्या तुमच्या बोटांच्या तीन रेघा होत्या. मधली खोल, बाजूच्या दोन उथळ. चौथी नव्हती, कारण तुमची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती, ती कुठं टेकायचीच नाही. गेल्या अमावस्येचा शेंदूर वाळला होता आणि रेघा जशाच्या तशा होत्या. दरवेळी पुढच्या अमावस्येला तुम्ही त्या झाकून टाकायचात, म्हणून मला त्या कधी दिसल्या नाहीत.

मी तिथूनच अनघाला फोन लावला. विचारलं, काम सुरू केलंस तर आधी काय निघेल? तिनं सरळ सांगितलं, सगळ्यात वरचा थर. मग मी रेघांचं सांगितलं.  ती म्हणाली, ताई, मग निदान आज नवा शेंदूर लावू देऊ नका, त्या खुणा बुजतील. म्हणजे काढला तरी तुम्ही जाणार आणि लावला तरी तुम्ही जाणार. तिसरा मार्ग होता, आणि माझं डोकं लगेच त्याकडं धावलंच. दगडाला हात लावायचा नाही, भोवती काचेची पेटी करायची, बाहेर छोटा फलक लावायचा. मी फलकावरची वाक्यंसुद्धा जुळवली. आणि मग मला काचेच्या पेटीतली वेसाई डोळ्यांसमोर आली. अमावस्या आलीय, गाव वेशीतून ये-जा करतंय आणि ती कोरडी बसलीय. तुम्ही आयुष्यभर तिला एकदाही कोरडी ठेवली नाहीत. मी मोबाइलवर रेघांचा फोटो काढला. काढणारच, मी तीच बाई आहे. मग तुमच्या घरी गेले.

तुमच्या सुनेनं काही न विचारता शेंदराची वाटी आणि तेलाची बाटली माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते, माझेही. तिथं मी पहिल्यांदा मोकळेपणानं रडले, वन्सं. तेराव्याला पंगती वाढताना सवड नव्हती. तुमची फार आठवण येते. सकाळी उठल्यावर कुणाला उलटं बोलावं, तेच कळत नाही.

अनघाला मी संध्याकाळी सांगितलं, आत्ता नाही. कधीच नाही असं मी म्हटलेलं नाही, हे तुम्हीही ऐकून ठेवा. आतली बाई लोकांसमोर यावी, हे माझं मत मी सोडलेलं नाही. उद्या गावातली कुणी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तुमच्यासारखी, तर मी तिच्याशी भांडेन आणि ठरवेन. पण समोर कुणी नसताना निकाल लावून घेणार नाही. ज्यांना वाटतं आता माझ्या मनासारखं होईल, त्यांना मी हेच सांगणार आहे.

वाटी घेऊन वेशीवर आले तेव्हा कट्ट्यावर बसलेल्या श्रीपतीअण्णांनी हटकलं. "सूनबाई, त्यो लेकीचा मान हाय." आवाजात राग नव्हता, आठवण करून देत होते. मी म्हटलं, "व्हय अण्णा, लेकीचाच हाय. पर लेक गेली, आन् आज अमावस्या हाय." अण्णा चपला काढून उभे राहिले.

मी तेल ओतलं, शेंदूर कालवला. किती तेल घालायचं ते मला माहीत नव्हतं, थोडं जास्तच पडलं. लावण्याआधी तुमच्या रेघांवर माझी बोटं ठेवून पाहिली. बसली नाहीत, तुमचा हात माझ्यापेक्षा मोठा होता. मग मी बोटं फाकवली, वाटीत बुडवली आणि चांदीच्या डोळ्यांखालून सरळ खाली ओढली. माझी करंगळी सरळ आहे, तीही टेकली. तुमच्या तीन रेघांच्या जागी आता चार आहेत.